बारडोलीचा ऊस व खानदेशी कोयता

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर नवापूर नावाचे स्थानक आहे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा नवी सीमारेषा या स्थानकातूनच गेली. त्यामुळे त्याचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत पडला. उतारूंना ही मोठी गमतीची गोष्ट वाटते. परंतु दरवर्षी दिवाळी आटोपली की, नंदुरबार, धुळे, नाशिक या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या डांगातून हजारो कुटुंबे ट्रकांत बसून या सीमेच्या बाजूने पश्चिमेस उतरतात. सोबत कोयता, चार भांडी, ज्वारीचे गाठोडे व काखेतले मूल. दक्षिण गुजरातेतील सर्व साखर कारखान्यांचा हिशेब घेतला तर अशा ऊसतोड्यांची संख्या लाखाहून अधिक भरते. त्यांतील पुष्कळांचा मुक्काम बारडोलीच्या आसपास असतो.

आमच्या वाचकांस बारडोली ठाऊक आहे ती १९२८ च्या साराबंदीच्या लढ्यामुळे. वाढविलेला बावीस टक्के सारा चौकशीअंती सहा टक्क्यांच्या आसपास उतरला, वल्लभभाई पटेल ‘सरदार’ झाले, आणि या तालुक्याचे नाव देशभर गाजले. तो लढा जमीनधारकाचा होता. त्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या ‘हाळी’ म्हणून राबणाऱ्या दुबळा जातीच्या मजुराचा त्या साऱ्याशी संबंध दूरचाच होता. या जातीच्या नावाची व्युत्पत्तीच लोक ‘दुर्बळ’ या शब्दापासून लावतात. पुढे गांधीजींनी त्यांस ‘हळपती’ हे मानाचे नाव दिले. नाव बदलल्याने हाडांवर मांस चढत नाही, हा भाग वेगळा.

आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो एका प्रश्नाचा: बाहेरून आलेला माणूस निरोगी, की मूळचा रहिवासी? प्रश्न साधा दिसतो. पण त्याची दोन परस्परविरुद्ध उत्तरे एकाच मुखातून ऐकू येतात. ‘परमुलखातले लोक रोगराई घेऊन येतात’ असे म्हणणारे गृहस्थच ‘हे लोक काटक, ह्यांना काही होत नाही’ असेही म्हणतात. वकिलाच्या कानाला अशी साक्ष खटकते. एकाच साक्षीदाराच्या दोन विधानांपैकी एक तरी खोटे असले पाहिजे. बारडोलीच्या बाबतीत आम्हांस वाटते की, दोन्ही अर्धी खरी आहेत, आणि म्हणूनच अधिक फसवी आहेत.

प्रथम हे स्थलांतर झाले कसे ते पाहू. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात तापी नदीवर काकरापारचा बंधारा झाला व त्याचे कालवे या तालुक्यात आले. १९५५ च्या सुमारास बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना काढला. तो पुढे इतका वाढला की, आशियातील मोठ्यांत मोठ्या कारखान्यांत त्याची गणना होऊ लागली. १९७२ च्या सुमारास वरच्या अंगास उकाईचे धरण पुरे झाले, आणि उसाला बारमाही पाणी मिळाले. त्या धरणाच्या जलाशयाखाली सोनगड-उच्छल भागातील शंभराहून अधिक गावे गेली. ती बहुतेक आदिवासींची होती. ज्या पाण्याने त्यांची शेते बुडविली त्याच पाण्यावर वाढलेला ऊस तोडावयास त्या मुलखातील माणसे खाली उतरू लागली, यास दैवयोग म्हणावे की आणखी काही, ते वाचकांनीच ठरवावे.

पण बारडोलीत मजुरांचा दुष्काळ होता काय? मुळीच नव्हता. हळपतींची वस्ती तेथे मोठी होती, आजही आहे, आणि बहुतेक हळपती भूमिहीन आहेत. यान ब्रेमन नावाचे डच समाजशास्त्रज्ञ १९६२ पासून दक्षिण गुजरातेत येत राहिले. त्यांनी १९७८ साली बारडोलीच्या ऊसतोडीवर एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात ऊस आणि मजूर या दोहोंचेही गाळप होते, अशा अर्थाचे त्याचे उपशीर्षक आहे. त्यांनी दाखविले की, कारखाना स्थानिक मजुरास तोडीवर घेत नाही, कारण स्थानिकाला घर असते. तो संध्याकाळी घरी जातो, सणाला सुट्टी मागतो, दुखले-खुपले तर येत नाही. परमुलखी माणूस फडाशेजारीच झोपतो. मध्यरात्री ट्रक आला तरी त्याला उठवून मोळ्या भरून घेता येतात. तेव्हा बारडोलीचा हळपती काय करतो? तो मुंबईच्या परिसरातील वीटभट्ट्यांवर जातो. म्हणजे खानदेशी माणूस बारडोलीत परका, आणि बारडोलीचा माणूस ठाणे-वसईकडे परका. ‘मूळचा’ व ‘बाहेरचा’ हे शब्द किती पोकळ आहेत हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

आता आरोग्याकडे वळू. खानदेशी तोड्या काटक असतो हे खरे. कारण काटक असेल त्यालाच आणले जाते. पावसाळ्यात घरातले धान्य सरते त्या वेळी मुकादम गावात येतो व उचल देतो. ती देताना तो माणसास बैलबाजारातील बैलासारखा पारखून घेतो. खोकणारा, म्हातारा, अपंग, वरचेवर तापाने पडणारा माणूस गावातच राहतो. उचल एकट्याला मिळत नाही, ती ‘कोयत्या’ला मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोचे जोडपे, बहुधा हाताखाली एखादे पोर. माणसांना हत्याराच्या नावाने मोजण्याची ही रीत आमच्या मराठी मुलखातलीच आहे, याची नोंद येथे केलीच पाहिजे. अशा रीतीने निवडून आणलेल्या माणसांची तुलना हळपतींच्या सबंध वस्तीशी, म्हणजे तेथील म्हातारे, आजारी, दमेकरी या सर्वांसकट, केली तर परमुलखी निरोगी दिसणारच. त्यात त्याच्या रक्ताचा किंवा हवापाण्याचा काय संबंध?

हाच अनुभव जगभर आहे. अमेरिकेतील दक्षिणेकडील संस्थानांत मेक्सिकोतून आलेले मजूर गरीब, कमी शिकलेले, औषधोपचारास पारखे. तरी त्यांचे मृत्युमान तेथील गोऱ्या लोकांच्या बरोबरीचे किंवा त्याहूनही कमी दिसते, हे कोडे १९८६ साली दोन संशोधकांनी मांडले. त्याची जी उत्तरे पुढे सुचविली गेली त्यांत दोन मुख्य होती. एक हेच, की धडधाकट तेच घर सोडतात. दुसरे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे आहे: आजारी पडलेला माणूस मरावयास घरी परततो, आणि त्याचा मृत्यू परदेशाच्या हिशेबात धरला जातच नाही. जन्मलेल्या नदीतच परत जाऊन मरणाऱ्या सामन माशावरून या तर्काला नावही पडले आहे. त्या देशात हे दुसरे कारण कितपत लागू पडते यावर विद्वानांत वाद आहेत. आम्हांस मात्र ते वाचताना नंदुरबारचे स्मरण झाले.

रक्ताचा प्रश्न येथे निकालात काढलेला बरा. दक्षिण गुजरात व नंदुरबार या पट्ट्यातील आदिवासींत सिकलसेल नावाचा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व रक्तवाहिनीत अडकतात, त्यामुळे असह्य वेदना होतात. दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस सहसा ठणठणीत राहतो, उलट हिवतापाच्या जीवघेण्या हल्ल्यापासून त्याचा बचाव होतो. दोघांकडून आला तर आयुष्यभराचे दुखणे. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात सापडला. गुजरातेत त्याच्या तपासणीची मोहीम २००६ साली सुरू झाली, आणि राष्ट्रीय मोहीम २०२३ साली. परंतु आमच्या मुद्द्यापुरती गोष्ट अशी की, हा दोष गामित, चौधरी, हळपती यांच्यात आहे तसाच भिल्ल, मावची, पावरा यांच्यातही आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना रक्त एकच. भरीस भर म्हणजे डांग व नवापूर भागातील कोकणा जमात आपले पूर्वज दुर्गादेवीच्या दुष्काळात कोकणातून वर आले असे सांगते. ही परंपरा खरी मानली तर बारडोलीतले हे परके आमच्या कोकणी वाचकांचे जुने शेजारीच निघतील!

रक्त एक असताना प्रकृतीत फरक पडतो तो रक्तबाह्य गोष्टींनी. सिकलसेलच्या रुग्णास जपावयाचे ते अतिश्रम, तहान व थंडी या तिहींपासून. आणि तोडीच्या हंगामात नेमक्या याच तीन गोष्टी वाट्यास येतात. ब्रेमन यांनी वर्णिलेली खोप म्हणजे थोडे बांबू व एक चटई, जिच्यात वाकूनच शिरावे लागते. पाणी कालव्याचे किंवा शेतातल्या विहिरीचे, मालक भरू देईल तेव्हा. पौष-माघाच्या थंडीत पहाटे दवाने भिजलेल्या फडात शिरावयाचे, पाचटाने अंग कापून घ्यावयाचे, उन्हे चढेपर्यंत तोडावयाचे, मग मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यावयाच्या. मोळी वाहण्याचे काम बहुतेक बाईकडे. तिला दिवस गेले असले तरी तिचा अर्धा कोयता कमी होत नाही. मजुरी टनावर असल्यामुळे दुखण्याचा दिवस म्हणजे कोरा दिवस, आणि उचल तर डोक्यावर उभीच.

यातून काय निष्पन्न होते याचा आकड्यांत उतरलेला एक पुरावा आमच्याच राज्यात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढून टाकली जात असल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली महाराष्ट्र सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरांत जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभर तीनच्या आसपास होते. दोन पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे आकड्यास आकडा भिडविणे सर्वस्वी न्याय्य नव्हे. तरी सतरा व तीन यांतील अंतर पद्धतीच्या फरकाने भरून निघण्यासारखे नाही. खाडा पडला तर मुकादम दंड कापतो, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि साध्या दुखण्यावरही शस्त्रक्रिया सांगणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी बसलेला आहे. चाळिशीही न गाठलेल्या बाईने मग काय करावे? ही बीडची बाई बहुधा पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाते, बारडोलीस नव्हे. परंतु कोयता, उचल, खाडा, टनावरची मजुरी हे सर्व दोन्हीकडे सारखेच.

मुलांचे तर बोलावयासच नको. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत मूल गावाबाहेर. अंगणवाडीचा आहार गावात, लस टोचणारी परिचारिका गावात, आणि मूल फडाच्या बांधावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत नंदुरबार जिल्ह्यातील पाच वर्षांखालील अर्ध्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळली. त्याचे खापर आदिवासी आईच्या अज्ञानावर फोडणारे लेख आम्ही पुष्कळ वाचले आहेत. वर्षातील निम्मा काळ ते मूल कोणाच्या जिल्ह्यात होते, हा प्रश्न त्यांत विचारलेला आम्हांस क्वचितच आढळला.

‘परके रोग आणतात’ या दुसऱ्या समजुतीकडे आता पाहू. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगाची साथ उठली. त्याच सुमारास मराठवाड्यात बीडजवळच्या मामला गावी गाठीचा प्लेग दिसला होता. देशभर मिळून पन्नासच्या वर माणसे दगावली. पण भीती एवढी पसरली की लाखो लोकांनी सुरत सोडली. त्यांत खानदेशी व ओडिया मजूर होते, तसेच खासगी डॉक्टरही होते. पुराच्या चिखलात बुडालेल्या, कचऱ्याने भरलेल्या वस्त्यांत महापालिकेने कित्येक वर्षे झाडूही फिरविला नव्हता. तरी बोट उठले ते त्या वस्त्यांत राहणाऱ्या परप्रांतीयांवर. पुढल्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, त्यांनी शहराची झाडून सफाई करविली, आणि थोड्याच वर्षांत सुरतेची गणना स्वच्छ शहरांत होऊ लागली. माणसे तीच होती, परकेही तेच होते; बदलली ती गटारे.

आमच्या समाजास हे नवे वाटू नये. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा कोकणाकडे धावणाऱ्या आगबोटी भरभरून गेल्या, आणि १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये बंदराबंदरांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. त्या वेळी संशयित म्हणून ज्यांच्या काखा चाचपल्या गेल्या त्यांत आपले आजे-पणजेही होते. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमलाच्या धाकाने आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीहून व केळशीहून देव उचलून फोंड्याकडे नेले. देवासकट परमुलखी झालेल्या समाजाने दुसऱ्या परमुलखीला रोगाचे मूळ ठरविताना थोडे थबकावे, एवढेच आमचे म्हणणे. देवळातील पंचामृतात पडणारी साखरही कोणाच्या तरी कोयत्याखालूनच आलेली असते.

आता या प्रकरणाचा आमच्या मते कळीचा मुद्दा. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जेथे घडला तेथेच नोंदवावयाचा असतो. नियम योग्य आहे. पण त्याचा परिणाम पाहा. फडात ताप भरलेला, रक्ताची उलटी झालेला, किंवा पाठ कायमची मोडलेला तोड्या बारडोलीत पडून राहत नाही. मुकादम त्याला पुढल्या ट्रकने घरी धाडतो. किंवा तो स्वतःच म्हणतो, मरेन तर माझ्या माणसांत मरेन. त्याची नोंद नवापुरास, अक्कलकुव्यास किंवा धडगावास होते. बारडोलीच्या दप्तरात तो नाही. तेथे फक्त त्याने तोडलेल्या टनांचा हिशेब आहे. पुढल्या दिवाळीस त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ येतो, धडधाकट; आणि पाहणारा पुन्हा म्हणतो, हे लोक काटक. नफा एका जिल्ह्याच्या वहीत व दुखणे दुसऱ्या जिल्ह्याच्या वहीत लिहिले, तर दोन्ही वह्या आपापल्या परीने खऱ्या राहून हिशेब मात्र खोटा ठरतो.

दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत हे एक शतकभर चालले. उष्ण प्रदेशातून आणलेले मजूर तेथे न्यूमोनियाने इतके मेले की, १९१३ साली बाविसाव्या दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडून मजूर आणण्यास सरकारला बंदी करावी लागली. ज्यांची फुप्फुसे सिलिकाच्या धुळीने व क्षयाने निकामी झाली त्यांची रवानगी ट्रान्सकाई, बसुतोलँड, मोझांबिक येथील खेड्यांत झाली. मृत्यू तेथे झाले. थेंबेकिले मंकायी नावाच्या खाणमजुराने अखेर कंपनीवर दावा लावला आणि ३ मार्च २०११ रोजी तेथील घटनापीठाने असा दावा चालू शकतो असे ठरविले. निकालाच्या काही दिवस आधीच मंकायी वारले होते. त्या निर्णयाच्या वाटेने पुढे हजारो मजुरांचा एकत्रित दावा उभा राहिला व २०१९ साली न्यायालयाने सुमारे पाच अब्ज रँडची तडजोड मंजूर केली. घरी परतलेल्या आजाऱ्याचा माग काढीत कायदा त्याच्या खेड्यात पोचू शकतो, एवढे त्या खटल्याने सिद्ध केले.

आमच्याकडे कायदा नाही असे नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कारखान्यातील कामगारास आजारपणाचा पगार व दवाखाना दिला. पण हंगामी कारखाने त्यातून वगळले, आणि हंगामी म्हणजे कोणते याच्या व्याख्येत साखरेचे नाव स्पष्ट घातले. तोड्या तर कारखान्याच्या फाटकाबाहेरचा. तो कारखान्याचा नोकर की मुकादमाचा, येथूनच वादास तोंड फुटते. १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. त्यात कंत्राटदाराने परराज्यातून आणलेल्या मजुरास विस्थापन भत्ता, प्रवासभत्ता, राहावयास जागा व विनामूल्य वैद्यकीय मदत देण्याचे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ ते १९८४ च्या दरम्यान एशियाड, सलाल धरण व फरिदाबादच्या दगडखाणी यांच्या प्रकरणांत असल्या मजुरांच्या बाजूने ठणठणीत निकाल दिले. तो कायदा २०२० च्या नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. विस्थापन भत्ता वाटेत गळाला, परंतु एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले पाहिजे ही अट कायम राहिली.

या अटीचा अर्थ बारडोलीच्या एखाद्या पडावावर जाऊन लावावा. शेजारशेजारच्या दोन खोपी. एकीत नवापूर तालुक्यातील कोकणा जोडपे, दुसरीत आहवा भागातील. बोली एक, देव एक, मुकादमही कदाचित एकच. पहिले जोडपे महाराष्ट्रातून आले म्हणून कायद्याने स्थलांतरित. दुसरे डांगातून आले, आणि १९६० साली डांग गुजरातेत गेला, म्हणून ते स्वराज्यातलेच, स्थलांतरित नव्हेत. पहिल्याला जो हक्क कागदावर आहे तो दुसऱ्याला कागदावरही नाही. आणि पहिल्याची गत तरी काय? महाराष्ट्र सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढले. त्यासाठी राज्यातील कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घ्यावयाचे व तेवढीच भर सरकारने घालावयाची असे ठरविले. नवापूरचे जोडपे बारडोलीस जो ऊस तोडते त्याच्या टनामागे हे दहा रुपये कोणीही भरत नाही, कारण तो कारखाना महाराष्ट्राच्या हद्दीत नाही. दोन्ही राज्यांनी आपसांत करार करून, जेथे गाळप तेथे वर्गणी व जेथे घर तेथे दवाखाना, असे ठरविण्यास राज्यघटनेची कोणतीही आडकाठी आम्हांस दिसत नाही. नंदुरबारच्या मृत्यूनोंदीत ‘मागील हंगामातील कामाचे ठिकाण’ असा एक रकाना वाढविण्यास तर फारसा पैसाही लागणार नाही.